मॅनेकिन : एका गौण शत्रूचा अभ्यास

कथा-कादंबरीच्या तासाला आपण नायक शिकतो, नायिका शिकतो, खलनायकावर तर दहा मार्कांचा प्रश्न हमखास असतो. पण केवळ मारले जाण्यासाठी ज्यांना आणलेलं असतं, ती पात्रं कुणी शिकवत नाही. महाभारतात अठरा अक्षौहिणी सैन्य उभं राहतं आणि त्यातली मोजकी नावं आपल्याला पाठ असतात. व्हिडिओ गेममध्ये तर अशा बिनचेहऱ्याच्या शत्रूंचा सुकाळच. आला, मारला, पुढे गेलो. म्हणून या लेखात असाच एक शत्रू घ्यायचा, थांबून बघायचा आणि आपल्या काव्यशास्त्राची हत्यारं त्याच्यावर चालतात का ते पाहायचं, असं मी ठरवलं. (गेम हे साहित्य आहे का, हा वाद वाङ्मय मंडळात पुन्हा कधीतरी घालू. चहा असेल तर.)

गेमचं नाव ‘सायलेंट हिल २’. कोनामी या जपानी कंपनीने २००१ मध्ये प्लेस्टेशन २ साठी काढलेला सायकॉलॉजिकल हॉरर गेम. २०२४ मध्ये ब्लूबर टीम या पोलिश स्टुडिओने तो नव्याने बनवला. जेम्स संडरलंड नावाच्या माणसाला त्याच्या बायकोचं, मेरीचं पत्र येतं : आपल्या त्या खास जागी मी तुझी वाट बघतेय. अडचण एवढीच, की जेम्सच्या म्हणण्यानुसार मेरी आजारपणात वारून तीन वर्षं झालीत. तरी तो निघतो. धुक्यात बुडालेलं ते गाव जवळजवळ निर्मनुष्य आहे, आणि रस्त्यावर जे फिरतंय ते माणूस नाही. पुढे मी शेवट सांगणार आहे. ज्यांना खेळायचाय त्यांनी इथेच थांबावं.

या गावातल्या किरकोळ शत्रूंपैकी एक म्हणजे मॅनेकिन. कपड्यांच्या दुकानात उभा असतो तो पुतळा, पण इथे त्याला डोकं नाही, हात नाहीत. बाईच्या कमरेखालचा भाग, आणि त्याच कमरेवर उलटा जोडलेला आणखी एक कमरेखालचा भाग. म्हणजे खाली दोन पाय, वर दोन पाय. वरच्या पायांनी तो मारतो. अंधाऱ्या खोलीत निश्चल उभा असतो, आपण जवळ गेलो की थरथरत हलतो. मासाहिरो इतो या चित्रकाराने या गेमची भुतं रेखाटली. त्यातला पिरॅमिड हेड जगभर पोस्टरांवर गेला. मॅनेकिनच्या वाट्याला तेवढं कौतुक आलं नाही.

आपल्याकडे भुताची पारख पायांवरूनच करतात, हे इथे आठवतं. हडळ ओळखायची तर पाय बघा, उलटे असतील. चेहरा, केस, आवाज सगळं बाईचं, फक्त पाय खोटं बोलत नाहीत. इतोने नेमकं उलट केलंय. हडळीत सगळी बाई खरी आणि पाय तेवढे चुकीचे, तर मॅनेकिनमध्ये पाय तेवढे खरे आणि बाकीची बाईच गायब.

आता रसाच्या भाषेत बघू. भयानक रसाचा स्थायीभाव भय, बीभत्साचा जुगुप्सा. ज्याच्यामुळे भाव जागा होतो तो आलंबन विभाव आणि जे त्या भावाला वाढवतं ते उद्दीपन विभाव. मॅनेकिन हे आलंबन. अंधार, टॉर्चचा तोकडा उजेड आणि जेम्सच्या खिशातला तो बिघडलेला रेडिओ, जो भूत जवळ आलं की खरखरतो, ही सगळी उद्दीपनं. इथवर गणित सोपं आहे. ते बिघडतं मॅनेकिनच्या पहिल्या भेटीत. वुड साइड नावाच्या चाळवजा इमारतीत एका खोलीत टॉर्च मिळतो, तो शिंप्याकडच्या पुतळ्यावर अडकवलेला असतो. पुतळ्याच्या अंगावर बाईचे कपडे आहेत. ते मेरीच्या कपड्यांसारखे आहेत. आपण टॉर्च उचलतो, खोली उजळते, आणि त्याच खोलीत पहिलं मॅनेकिन अंगावर येतं. म्हणजे एका बाजूला बायकोचे कपडे आहेत पण बायको नाही, आणि दुसऱ्या बाजूला बायकी शरीर आहे पण कपडे, चेहरा, नाव काहीच नाही. मधे नवरा उभा, हातात खिळे असलेली फळी.

मेरीचं काय झालं ते गेम शेवटाकडे सांगतो. लेकव्ह्यू हॉटेलच्या ३१२ नंबरच्या खोलीत जेम्स एक व्हिडिओ टेप बघतो, आणि कळतं की दीर्घ आजाराने अंथरुणाला खिळलेल्या मेरीचा जीव त्यानेच तोंडावर उशी दाबून घेतलाय. गावातली भुतं त्याने आपल्याच मनातून बाहेर काढलेली आहेत. मॅनेकिनचा रूढ अर्थ असा लावतात : बायकोच्या आजारपणात दाबून ठेवलेली त्याची वासना. म्हणून नुसते पाय. चूक नाही, पण मला हा अर्थ अर्धा वाटतो. लांबलेल्या आजारपणात माणूस घरच्यांच्या नजरेत हळूहळू अवयवांची बेरीज होतो. पाठीला फोड आलेत का, पायाला सूज आहे का, कूस बदलली का. सेवा करणारा प्रेमळ असला तरी हे होतं. ज्यांच्या घरी अंथरुणावरचं माणूस आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. चेहरा असलेली मेरी रागावायची, रडायची, माफी मागायची, आणि जेम्सला सहन होत नव्हतं ते नेमकं हेच. मॅनेकिनला तोंड नाही, त्यामुळे ते काही मागत नाही. वासनेपेक्षा ही सोय मला जास्त भीषण वाटते.

आता तो प्रसंग घेते, ज्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला. पुढे जेम्स एका फ्लॅटमध्ये शिरतो आणि कपाटात लपतो. फटीतून त्याला दिसतं, की पिरॅमिड हेड दोन मॅनेकिनांवर जबरदस्ती करतोय. जरा वेळापूर्वी आपल्याला मारायला आलेला शत्रू आता बळी आहे. त्याला ओरडायला तोंड नाही, ढकलायला हात नाहीत. इथे भयाचं आलंबनच बदलतं. मॅनेकिन करुणाकडे सरकतं आणि भय पिरॅमिड हेडकडे जातं. पण तेवढ्यावर थांबलं तर आपण जेम्ससारखेच सुटलो. कारण थोड्या वेळापूर्वी फळीने त्यांना आपणच चेचलं होतं, पडल्यावर वरून लाथही मारली होती. या गेममध्ये शत्रू मारून गुण मिळत नाहीत, ताकद वाढत नाही, पैसे पडत नाहीत. पळून जायचा रस्ता बहुतेक वेळा मोकळा असतो. तरी बटण दाबलं जातं. सवय.

मी चांदनीची आहे, म्हणजे नेपानगरच्या शेजारची. आमच्या भागात अपराधाचं सगळ्यात मोठं भूत असीरगडावर राहतं. बुऱ्हाणपूरहून खंडव्याच्या वाटेवर, सातपुड्याच्या डोंगरावरचा हा किल्ला. अकबराने १६०१ मध्ये जिंकलेला. गडावर महादेवाचं देऊळ आहे, आणि तिथे पहाटे अश्वत्थामा येऊन पूजा करून जातो, पिंडीवर ताजी फुलं सापडतात, असं इकडे घरोघरी सांगतात. कपाळाच्या जखमेला लावायला तो तेल मागतो, असंही म्हणतात. अठरा दिवसांच्या युद्धात अश्वत्थामा तसा दुय्यमच. कर्ण, द्रोण, दुर्योधन यांच्या सावलीत. सौप्तिक पर्वात तो रात्री छावणीत शिरून द्रौपदीच्या झोपलेल्या मुलांना मारतो, आणि मग कपाळावरचा मणी गमावून, शाप घेऊन भटकत राहतो.

झोपलेल्यांना मारणारा तो, आणि अंथरुणावरच्या बायकोला मारणारा जेम्स. दोघांचे बळी प्रतिकार करू शकत नव्हते. फरक अपराध कुठे राहतो यात आहे. अश्वत्थाम्याचा अपराध त्याच्याच कपाळावर आहे, उघडा, वाहता. तो लपवू शकत नाही, म्हणून दारोदार तेल मागतो, आणि मागणं ही एका अर्थाने कबुलीच असते. जेम्सच्या अंगावर काहीच खूण नाही. नीटनेटका जॅकेट घातलेला गृहस्थ. त्याची जखम त्याच्यापासून सुटून चार पायांवर समोर उभी राहिली आहे, आणि तिला तो दुसऱ्याच कुणाचं तरी भूत समजून मारतो. आम्हा कॅथलिकांना पापनिवेदनाची लहानपणापासून सवय असते. ‘मी केलं’ हे वाक्य तिथे प्रथम पुरुषातच म्हणावं लागतं. जेम्स शेवटाजवळ येईपर्यंत ते म्हणत नाही. तोवर त्याचं व्याकरण तृतीय पुरुषाचं आहे : ते आले, त्यांना मारलं.

एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. सगळी भुतं जेम्सच्या मनातली म्हटलं की बाई पुन्हा पुरुषाच्या मनातली प्रतिमाच उरते ना? गेमकडे याचं पूर्ण उत्तर नाही. पण अँजेला आहे. बापाने छळलेली ही मुलगी त्याच गावात फिरते, तिची भुतं वेगळी आहेत. एका ठिकाणी जळता जिना लागतो, जेम्सला धग लागते, आणि ती म्हणते की तिला हे नेहमीच असं दिसतं. एका वाक्यात तिचं अख्खं गाव कळतं. आणि लॉरा आहे, आठ वर्षांची. मेरीवर तिचा जीव होता. ती त्याच गल्ल्यांतून एकटी बागडते आणि तिच्या वाटेत काहीच उभं नसतं. मॅनेकिन गावाचं असतं तर तिलाही दिसलं असतं.

नव्या आवृत्तीत मॅनेकिनं जास्त धूर्त झालीत. कपाटाआड, दाराआड दबा धरून बसतात आणि कॅमेरा जेम्सच्या खांद्यामागे असल्याने दचकायला होतं. माझं मत, दचकणं वाढलं आणि बघणं घटलं. जुन्या गेममध्ये कॅमेरा बऱ्याच ठिकाणी कोपऱ्यात खिळलेला असायचा, त्यामुळे ते नुसतं उभं असलेलं शरीर बघत राहावं लागायचं.

ज्यांच्याकडे कन्सोल नाही त्यांनी यूट्यूबवर टॉर्चच्या खोलीचा प्रसंग बघावा, दोन्ही आवृत्त्यांतला. पाच मिनिटांचं काम. मॅनेकिन हलेपर्यंत त्या पुतळ्याच्या अंगावरचे कपडे तेवढे नीट बघून घ्या, नंतर वेळ मिळत नाही.