गावाला गाव कसं लागलं

कॉटन ग्रीन हे नाव आपण रोज स्टेशनच्या पाटीवर वाचतो. कॉटन म्हणजे कापूस. ग्रीन म्हणजे हिरवं. गावातल्या मोकळ्या हिरवळीलाही इंग्रज लोक ग्रीनच म्हणत. मग ही हिरवळ आहे कुठं? इथं तर गोदामं आहेत, रूळ आहेत, रांगेनं उभे राहिलेले ट्रक आहेत.

ती हिरवळ इथली नव्हेच. ती होती कोटात, म्हणजे आजच्या फोर्टात. टाउन हॉलसमोरच्या मैदानात कापसाच्या गाठी रचलेल्या असत. वस्ती वाढली तशी गाठींची अडचण होऊ लागली. 1844 साली कापसाचा बाजार कुलाब्याला हलवला. पुढं कुलाब्यालाही जागा पुरेना. माझगाव-शिवडीच्या बाजूला समुद्रात भराव घालून नवी जमीन केलेली होती. 1920 नंतरच्या दशकात तिथं कापसाची गोदामं उभी राहिली आणि बाजार इकडं आला. गंमत पाहा, हिरवळ मागंच राहिली आणि नाव तेवढं दोनदा बिऱ्हाड बदलून इथं पोचलं!

शहर वाढतं ते असंच. मधली जागा भरते, महाग होते. मग ज्या धंद्याला फार जागा लागते तो कडेला सरकतो. त्याच्या मागोमाग कामकरी जातात, त्यांच्या मागं दुकानं जातात. पण कडेची जमीन काही ओस नसते. तिथं आधीपासून दुसरं गाव नांदत असतं. तेही वाढत असतं. दोघं वाढता वाढता एक दिवस एकमेकांना भिडतात.

स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस नावाचे एक विद्वान होते. इंग्लंडातल्या लँकेशायर भागात गिरण्यांची गावं अशीच एकमेकांत मिसळत चाललेली त्यांनी पाहिली. गावांची नावं निरनिराळी, पण घरं पाहून एक कुठं संपलं आणि दुसरं कुठं लागलं ते सांगता येईना. 1915 साली त्यांनी अशा गावांच्या घोळक्याला ‘कॉनर्बेशन’ असं नाव दिलं. शब्द अवघड आहे, तो पाठ करू नका. अर्थ कळला की पुरे. त्याच लँकेशायरला मुंबईच्या बंदरातून कापूस जात असे. आणि हेच गेडीस 1919 साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायला आले.

आपली मुंबई मुळात सात बेटांची. ती भराव घालून एक केली हे आपण ऐकलेलं आहे. त्यापुढची गोष्ट मात्र फारशी कोणी सांगत नाही. माहीम आणि वांद्रे यांच्यामध्ये खाडी होती. लोक होडीनं पलीकडं जात, आणि पावसाळ्यात होड्या उलटत. सरकार रस्त्याला पैसा देईना. तेव्हा सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले. अट एकच घातली: जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. 1845 साली तो रस्ता खुला झाला. त्यानंतर 1853 साली बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी गेली, आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोचली.

पाणीही असंच दूरवरून आलं. 1860 साली विहार तलावाचं पाणी मुंबईत आलं, तेव्हा विहार मुंबईत नव्हता, साष्टीत होता. 1892 साली तानसाचं पाणी आलं. तानसा शहापूर तालुक्यात आहे. मागाहून भातसाचं पाणी आलं, तेही धरण शहापुरातलंच. त्याच शहापूर तालुक्यात कितीतरी पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट पाहत बसतात. गावं जोडली जातात म्हणतात, पण नळ एकाच दिशेला वाहतो. आम्हांला या सगळ्या कथेत ही गोष्ट फार बोचते.

रस्ता आला, रेल्वे आली, पाणी आलं. पालिका कधी आली? वांद्रे आणि कुर्ला यांच्या आपापल्या नगरपालिका होत्या. 1950 साली मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत नेली. 1957 साली ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. तीच बृहन्मुंबई. हिशेब करून पाहा: कुर्ल्यावरून आगगाडी धावू लागली त्याला तेव्हा सत्त्याण्णव वर्षं झाली होती. जमिनीवर गावं आधी जुळतात, कागदावर फार मागाहून.

हद्द मुलुंडला थांबली, पण घरं थांबली नाहीत. 1982 साली गिरण्यांचा संप झाला आणि नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. परळ-लालबागच्या चाळीतली खोली विकून किंवा भावाच्या हवाली करून किती कुटुंबं डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला गेली! जनगणनेत ते उमटलेलं आहे. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या मुंबईत 2001 साली 33 लाखांहून जास्त माणसं होती. 2011 साली ती 31 लाखांच्या आत आली. माणसं गेली ती शेजारच्या गावांत. तिथंही महापालिका झाल्या: ठाणे 1982, कल्याण 1983, नवी मुंबई 1992. 2009 साली चार नगरपरिषदा आणि 53 गावं मिळून वसई-विरार झाली, 2016 साली पनवेल.

आता दिव्याचा माणूस कॉटन ग्रीनच्या गोदामात कामाला येतो असं धरा. मुंब्रा, कळवा, ठाणे, मुलुंड करत तो कुर्ल्याला उतरतो आणि हार्बरची गाडी धरतो. वाटेत ठाणं कधी संपलं आणि मुंबई कधी लागली हे खिडकीतून कळत नाही. ट्रकवाल्याला मात्र कळे. मुलुंडच्या नाक्यावर त्याला जकात भरावी लागे. 2017 साली जकात गेली. तरी हद्द तिथंच आहे. दिव्याच्या नळाला पाणी आलं नाही तर त्याबद्दल मुंबईच्या पालिकेत अर्ज करून काही उपयोग नाही. दिवा ठाणे महापालिकेत आहे. दिवसभर राबतो मुंबईत, घरपट्टी भरतो ठाण्याला.

आणि ज्यांचं गाव अध्येमध्ये अडकतं त्यांचे हाल विचारू नका. कल्याण-डोंबिवलीजवळची 27 गावं पाहा. 1983 साली ती महापालिकेत घेतली. घरपट्टी वाढली, सोयी आल्या नाहीत, अशी लोकांची तक्रार होती. 2002 साली ती बाहेर काढली. 2015 साली पुन्हा आत घेतली. 2020 साली त्यांतली 18 गावं परत वेगळी करायचं निघालं आणि प्रकरण कोर्टात गेलं. गाव जागचं हललं नाही, पाटी तेवढी बदलत राहिली.

कॉटन ग्रीनच्या पुढचं स्टेशन शिवडी. तिथून 2024 साली समुद्रावरचा अटल सेतू सुरू झाला. लांबी जवळजवळ 22 किलोमीटर. पलीकडं न्हावा-शेवा. जोडायला उरण-पनवेलकडची गावं आता पुढं उभी आहेत. मोटारीला एका खेपेचा टोल 250 रुपये ठेवला, आणि रिक्षा व मोटारसायकल यांना पुलावर बंदी केली. आवाबाईंची अट इथं कोणाला आठवली नसावी.

उद्या वर्गाला येताना घरपट्टीचं किंवा पाण्याचं बिल बरोबर आणा. आकड्यांकडं मागाहून पाहू. सर्वांत वरची मोठ्या अक्षरांतली ओळ आधी वाचायची. तिथं बृहन्मुंबई आहे, ठाणे आहे की कल्याण-डोंबिवली? अर्जावर पहिली ओळ तीच लिहायची आहे.