सुरुवातीलाच जोराचा प्रकाश का सोडत नाहीत?

प्रश्न : आमच्या गावावरून जाणाऱ्या मुंबई-हावडा रेल्वेमार्गालगत फायबर केबल पुरलेली आहे. प्रकाश वाटेत मंदावतो म्हणून दर 80-100 किलोमीटरवर तो वाढवावा लागतो, असे वाचले. मग सुरुवातीलाच दणकट लेसर का लावत नाहीत?
– एक वाचक, आमगाव (जि. गोंदिया)

उत्तर : शंका रास्त आहे. नागपूरहून सोडलेला प्रकाश 130 किलोमीटरवरच्या गोंदियाला पोहोचेपर्यंत जेमतेम चारशेवा हिस्सा उरतो. पण जोर वाढवला की दुसरेच दुखणे उद्भवते.

ओल्या पांदणीतून धानाने लादलेली बंडी गेली की चाकोरी उमटते. ओझे जेवढे जड, तेवढी ती खोल. मागून येणाऱ्या बंड्याही तिच्यातच हेलकावतात. काचेचे असेच होते. फायबरचा गाभा सुमारे 9 मायक्रॉनचा, केसाहून कितीतरी बारीक. त्यात अवघा एक मिलिवॉट प्रकाश कोंबला तरी त्याची दाटी भर दुपारच्या उन्हाच्या बारा हजार पट होते. तेवढ्याने काचेचा अपवर्तनांक अगदी किंचित बदलतो. यालाच केर परिणाम म्हणतात. हजार किलोमीटरभर हे किंचितपण साचत जाते. शिवाय एका तंतूतून ऐंशीएक 'रंग' धावतात आणि प्रत्येकाची चाकोरी शेजाऱ्यालाही नडते. सगळ्यांची शक्ती दुप्पट केली, तर हा गोंगाट आठपट होतो!

म्हणून शक्ती बेताचीच ठेवतात आणि गाभा जरा रुंद करून दाटी कमी करतात. गंमत म्हणजे, संकेत पसरू नयेत म्हणून मुद्दाम बनवलेली फायबर अनेक रंगांच्या जमान्यात उलटीच पडली. पसरण नसल्याने रंग एकमेकांच्या जोडीने चालत राहतात आणि जास्त मिसळतात. थोडा दोष राहिलेलाच बरा निघाला.

प्रकाश स्वीकारणाऱ्या टोकाच्या चिपमध्ये प्रकाशाचा प्रवास गणिताने उलटा चालवून विकृती पुसताही येते. मात्र ते गणित वीज फार खाते, आणि शेजारच्या रंगातून काय आले हे त्या चिपला ठाऊक नसते. त्यामुळे त्यावर सगळी भिस्त ठेवणे मला पटत नाही.

मला अधिक आवडतो तो रामन वर्धक. पलीकडच्या टोकाकडून दुसरा लेसर सोडून तंतूतच संकेताला वाटेत बळ देतात. मग सुरुवातीला जोर लावावाच लागत नाही. ज्या परिणामावर हा वर्धक चालतो, तो सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात शोधला. त्याआधी, 1910 मध्ये, ते तुमच्या शेजारच्या नागपुरात सरकारी हिशेब खात्यात अधिकारी होते.