घाई कुणाची?

नेपियर टाउन, जबलपूर

चि. मुक्ता,

फोनवर बोललो असतो तर मध्येच तोडलं असतंस, म्हणून लिहितो. तुझा आर्यन एकदा बघून मोबाइलवरून पैसे पाठवतो, ताईला, म्हणजे तुझ्या आईला, चारदा सांगूनही जमत नाही, म्हणून तू तिच्यावर चिडतेस. चिडू नकोस. नवं झटपट टिपण्याचा वेग विशीच्या आसपास सर्वाधिक असतो, पुढे उतरत जातो. तुझाही उतरणीला लागलाय, बरं का! शब्दांचं भांडार मात्र साठीपर्यंत वाढत राहतं.

आणि काहीतरी सोडून देणं म्हातारपणीच सुरू होतं असंही नाही. जेनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ साली दाखवलं, की इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतला 'त' आणि 'ट' वेगळा ऐकू येतो. वर्षाची होईतो बहुतेकांना येईनासा होतो. घरात जे आवाज कानावर पडतात, त्यांतच कान तयार होतो. तुझ्या धाकटीशी आत्ताच भरपूर मराठी बोल. आमच्या हिंदीभाषक शेजाऱ्यांच्या तोंडी इथले काळे आडनावाचे लोक अजून 'काले'च आहेत.

माझी नोकरी हायकोर्टात टायपिंग करण्यात गेली, म्हणून एक प्रयोग मला फार आवडतो. टिमथी सॉल्टहाउस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९ ते ७२ वर्षांचे टायपिस्ट तपासले. अक्षर दिसताच कळ दाबायच्या कामात वयस्क मागे पडले, पण टायपिंगचा वेग तरुणांइतकाच! त्यांची नजर बोटांच्या बरीच पुढे धावत असे. आमच्याकडचे जुने लोक असेच. मसुद्याचं पहिलं पान पाहून पुढे काय येणार हे ओळखायचे, आणि पोरं नुसती खडखडाट करायची.

हा फायदा मुरलेल्या कामातच मिळतो. ताईच्या हातात मोबाइल अजून मुरलेला नाही. तेव्हा शिकवताना टीव्ही बंद ठेव. वय वाढलं की नको ते बाजूला सारायलाच जास्त कष्ट पडतात. फोन तिच्या हातातून ओढून घेऊ नकोस. पायऱ्या मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून दे. सध्या फक्त भाजीवाल्याचे पैसे तिच्या हातून जाऊ देत, विजेचं बिल पुढे बघू.

ओटीपी कुणाला सांगायचा नाही, हे मात्र आधी आर्यनला शिकव. ताई निदान दोनदा विचारते तरी, कोण बोलतंय म्हणून.

तुझा,
श्रीधरमामा