आपल्या कळपाचे मुख ओळखा

शास्त्रपाठ : नीतिसूत्रे २७:२३-२७
जोडवाचन : लेवीय २५:१-७, अनुवाद २५:४, यशया २८:२३-२९

नीतिसूत्रांचा सत्ताविसावा अध्याय आपण मित्रप्रेमाच्या वचनांसाठी उघडतो आणि शेवटची पाच वचने घाईने वाचून पुस्तक मिटतो. त्या पाच वचनांत मात्र एका लहान शेतकरी कुटुंबाचा सगळा संसार आहे. धन टिकत नाही, म्हणून कळपाकडे लक्ष द्यावे; गवत कापले की नवे उगवते, तेही साठवावे; मेंढरांपासून वस्त्र मिळते, बोकडांपासून शेताची किंमत निघते, आणि शेळीचे दूध घरच्यांना व कामकरणींनाही पुरते. कळपाची स्थिती जाणून घ्यावी असे जेथे सांगितले आहे, तेथे मूळ इब्री शब्द ‘मुख’ असा आहे. प्रत्येक मेंढराचे तोंड ओळखता येईल इतकाच कळप! शंभर एकरांचा मालक हे करू शकत नाही. दोन एकरवाली बाई करू शकते.

याचे उदाहरण हैदराबादच्या मंडळ्यांना दूर शोधावे लागत नाही. मुंबईच्या रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटर गेले की जहीराबाद लागते. आपल्या बीड जिल्ह्यात उगम पावणारी मांजरा नदी याच मुलखातून वाहते. येथे १९८३ साली डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेचे काम सुरू झाले. ही मिशनची संस्था नव्हे, पण तिच्या संघांतील बहुतेक स्त्रिया दलित, गरीब, आणि पुष्कळशा निरक्षर. जमीनसुधारणेत त्यांच्या वाट्याला आलेली जमीन म्हणजे खडकाळ, पडीक माळ. तो माळ त्यांनी दगड वेचून, बांध घालून, शेणखत टाकून पिकता केला. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने या कामाला इक्वेटर पुरस्कार दिला. संस्थेचे एक संस्थापक पी. व्ही. सतीश २०२३ साली वारले. बी मात्र बायांच्या घरी, मडक्यांत आणि कणग्यांत आहे.

त्यांच्या शेतात ज्वारी, बाजरी, राळे, तूर, मूग, तीळ, अंबाडी अशी पिके एकत्र उभी असतात. पाऊस हुकला तर एक जाते, दुसरे राहते. तूर जमिनीला नत्र देते व पाला गाळून तिचे पोट भरते. अभ्यासवर्गात येथे कोणी लेवीय १९:१९ दाखवील, आणि ते योग्यच आहे. तेथे एका शेतात दोन जातींचे बी पेरू नये असे आहे. परंतु त्याच वचनात दोन जातींच्या सुताचे वस्त्रही मना केले आहे, आणि टेरिकॉटचा सदरा घालून उपासनेला येणाऱ्यास आपण अडवीत नाही. ती इस्राएलाच्या वेगळेपणाची खूण होती. उलट यशया म्हणतो की शेतकरी गहू, जव व जिरे यांना आपापली जागा देतो, कडेला आणखी एक धान्य पेरतो, आणि हे शहाणपण त्याला देवच शिकवतो.

आता जनावरांकडे पाहू. मळणी करणाऱ्या बैलाला मुसके बांधू नये, असे मोशेचे नियमशास्त्र सांगते. पिकात त्याचाही वाटा आहे. आपल्याकडे हा वाटा म्हणजे कडबा. बुटक्या संकरित ज्वारीने कणसे भरली, पण कडबा घटला. कडबा घटला की गुरे विकावी लागतात, गुरे गेली की शेणखत जाते, आणि मग खताच्या पोत्यासाठी सावकाराचे दार. कापसाचे तर विचारूच नका, वर्षभर राबून घरात खायला काही येत नाही. धनगर व कुरमा लोक दख्खनी मेंढरे घेऊन फिरतात. सुगीनंतर ती शेतात बसवावी, दोन-चार रात्रींत जमिनीला लेंडीखत मिळते आणि धनगराला धान्य. शेळीला तर गरिबाची गाय म्हणतातच. लेकराची फी किंवा दवाखान्याचा खर्च आला की एक बोकड जातो, शेत गहाण पडत नाही. ‘शेताची किंमत’ हे शब्द येथे अक्षरशः खरे आहेत.

लेवीय २५ मध्ये आपोआप उगवलेले सर्वांसाठी आहे, दासांसाठी, परक्यांसाठी, गुरांसाठी आणि रानातल्या जनावरांसाठीही. जहीराबादच्या बाया तांदुळजा, घोळ, चंदनबटवा यांना तण म्हणत नाहीत. त्यांची भाजी करतात. ज्याला शेत नाही तोही ती खुडून नेतो. तणनाशक मारले की ही गरिबाची भाजी आधी मरते.

आपल्या मंडळीतील अनेक घरांची बीड, नांदेड, बीदर किंवा जहीराबादकडे दोन-तीन एकर जमीन अजून आहे. भाऊ गावी, आपण शहरात. प्लॉटवाल्याचा फोन येतो, आणि भावाला न विचारता सौदा ठरतो. दोन एकरांवर सगळा संसार चालतो असे मी म्हणणार नाही. खर्च मोठे आहेत, पाऊस बेभरवशाचा आहे. पण नाबोथाने अहाबाला काय उत्तर दिले (१ राजे २१) ते सौद्याआधी घरात बसून वाचावे, आणि त्या वेळी गावचा भाऊ समोर असावा.

चर्चेसाठी :
आपल्या गावच्या जमिनीवर आज काय उभे आहे, आणि ते कोण खातो?
ती कसणाऱ्याला आपण शेवटचे कधी भेटलो?