निवडले जाणे आणि निवडणे
(तरुणांसाठी व पालकांसाठी अभ्यासपाठ)

मुलगी खेळात चांगली निघाली की घरात आनंद होतो, आणि पदवीचे वर्ष जवळ आले की त्याच खेळाची काळजी वाटू लागते. “खेळ पुरे, आता अभ्यासाकडे बघ,” असे एक जण म्हणतो. “अभ्यास पुढेही होईल, ही संधी पुन्हा येणार नाही,” असे दुसरा म्हणतो. दोघांचेही मुलीवर प्रेम असते. पण मुलीला काय वाटते हे विचारायचे बहुधा राहून जाते.

या महिन्याच्या पाठात हा प्रश्न आपण एका खेळाडूच्या उदाहरणावरून अभ्यासू या. ती अमेरिकेची फुटबॉलपटू नेओमी गिर्मा. महाविद्यालयाच्या संघातून ती व्यावसायिक संघात कशी गेली, त्या वाटेवरचे कोणते निर्णय तिचे होते व कोणते दुसऱ्यांनी केले, हे आपण क्रमाने पाहू.

१. घर

नेओमीचा जन्म २००० साली कॅलिफोर्नियातील सॅन होजे या शहरी झाला. तिचे आईवडील इथिओपियातून येऊन तेथे स्थायिक झालेले. परक्या देशात आपली माणसे एकमेकांना धरून राहावीत म्हणून तिच्या वडिलांनी इथिओपियन कुटुंबांतील मुलांना एकत्र जमवून फुटबॉल खेळवण्याचा उपक्रम चालवला. नेओमीचे पहिले मैदान ते. तेथे कोणी निवड करीत नसे. जो येईल तो खेळे. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिच्या आयुष्यात ‘निवड’ हा शब्द वारंवार येणार आहे.

२. महाविद्यालय

अमेरिकेत १९७२ साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असे त्यात सांगितले होते. त्या कायद्यात खेळाचे नाव ठळकपणे नव्हते, पण त्याचे मोठे फळ खेळालाच आले. महाविद्यालयांना मुलींचे संघ उभे करावे लागले व शिष्यवृत्त्या द्याव्या लागल्या. आज तेथे पहिल्या श्रेणीच्या महाविद्यालयीन स्पर्धांत मुलींचे तीनशेहून अधिक फुटबॉल संघ आहेत.

नेओमी स्टॅनफर्ड विद्यापीठात गेली. २०१९ साली स्टॅनफर्डने राष्ट्रीय महाविद्यालयीन अजिंक्यपद मिळवले. अंतिम सामना तिच्याच गावी, सॅन होजेला झाला. गोल कोणाचाच झाला नाही आणि निकाल पेनल्टीवर लागला. दुसऱ्या वर्षात शिकणारी नेओमी तेव्हा संघाची कर्णधार होती.

पुढच्याच वर्षी तिच्या गुडघ्यातील बंध तुटला. फुटबॉलमध्ये ही इजा पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. शस्त्रक्रिया आणि व्यायाम मिळून मैदानावर परतायला बहुधा नऊ महिने किंवा त्याहून अधिक काळ जातो. येथे महाविद्यालयाचे महत्त्व कळते. खेळ बंद पडला तरी विद्यार्थिनी ही विद्यार्थिनीच राहते. तिचे वर्ग चालू असतात, मैत्रिणी जवळ असतात. नेओमीने संगणकशास्त्र, भाषाशास्त्र, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र यांची सांगड घालणारा विषय घेऊन पदवी मिळवली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा मैदानावर उतरली.

३. उंबरठा

महाविद्यालयातून व्यावसायिक संघात जाताना काय काय बदलते? प्रथम खेळच बदलतो. महाविद्यालयीन सामन्यांचा हंगाम ऑगस्ट ते डिसेंबर एवढाच; अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत. महाविद्यालयात बाहेर गेलेली खेळाडू ठरावीक नियमाने पुन्हा आत येऊ शकते. व्यावसायिक सामन्यात बाहेर आली ती बाहेरच. काल जिच्यासमोर अठरा-वीस वर्षांच्या मुली होत्या, तिच्यासमोर आज दहा-बारा वर्षे हेच काम करीत आलेल्या बायका उभ्या असतात.

दुसरे म्हणजे जागा फार थोड्या. महाविद्यालयांचे संघ तीनशेहून अधिक आणि २०२२ साली व्यावसायिक लीगचे संघ अवघे बारा.

तिसरी गोष्ट मिळकतीची. त्याआधीच्या दोन व्यावसायिक लीग काही वर्षांतच बंद पडल्या होत्या. सध्याची लीग २०१३ मध्ये सुरू झाली, तेव्हा किमान पगार हंगामाला सहा हजार डॉलर होता. एवढ्यात खोलीचे भाडेही भागत नसे, म्हणून कित्येक खेळाडू गावातील एखाद्या कुटुंबाच्या आश्रयाने राहत. २०२२ साली खेळाडूंच्या संघटनेने पहिला करार घडवून आणला व किमान पगार वर्षाला पस्तीस हजार डॉलर झाला.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोठे खेळायचे हे खेळाडूने ठरवायचे नव्हते. ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत होती. महाविद्यालयातून येणाऱ्या मुलींची नावे पुढे ठेवायची आणि संघांनी पाळीपाळीने एकेक नाव उचलायचे. ज्या संघाने नाव घेतले, त्याचाच त्या मुलीवर हक्क. घरापासून हजार कोस दूर जावे लागो वा प्रशिक्षक कसाही असो, त्या लीगमध्ये खेळायचे तर तेथेच जायचे.

१८ डिसेंबर २०२१ च्या ड्राफ्टमध्ये पहिले नाव पुकारले गेले ते नेओमी गिर्माचे. सॅन डिएगो वेव्ह या नव्या संघाने तिला घेतले. मान मोठा होता आणि शहरही तिच्याच राज्यातले होते. तरीपण मराठी व्याकरणाने सांगायचे तर ती ‘निवडली गेली’. तिने ‘निवडले’ नाही.

४. तिघींच्या तीन वाटा

सगळ्याच मुली एका वाटेने गेल्या नाहीत. सोफिया स्मिथने (आताची सोफिया विल्सन) स्टॅनफर्डमध्ये दोन हंगाम खेळून २०२० च्या ड्राफ्टचा रस्ता धरला. कॅटरिना मकारियोने जानेवारी २०२१ मध्ये ड्राफ्ट टाळून फ्रान्सच्या लियाँ संघाशी स्वतः करार केला. ट्रिनिटी रॉडमनने महाविद्यालयात नाव घातले होते. पण तेथे एकही सामना न खेळता अठराव्या वर्षी ती व्यावसायिक संघात गेली आणि त्याच वर्षी तिच्या संघाने अजिंक्यपद मिळवले. तिघीही देशाच्या संघात पोहोचल्या. म्हणून ‘हीच वाट बरोबर’ असे आपण म्हणू नये. शेजारच्या मुलीला जे मानवले ते आपल्या मुलीला मानवेलच असे नाही.

५. यशाच्या वर्षातले दुःख

सॅन डिएगोतील पहिल्याच वर्षी नेओमी लीगची सर्वोत्तम नवी खेळाडू व सर्वोत्तम बचावपटू ठरली. एप्रिल २०२२ मध्ये ती अमेरिकेच्या मुख्य संघातून प्रथम खेळली. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, हिचे सारे काही मनासारखे झाले. परंतु त्याच वर्षी मार्च महिन्यात तिच्या स्टॅनफर्डच्या संघातील जिवलग मैत्रिणीने आपले जीवन संपवले होते.

२०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी नेओमीने या मैत्रिणीविषयी जाहीरपणे लिहिले. खेळाडूंनी मनातील त्रास लपवू नये, प्रशिक्षकांनी तो ओळखायला शिकावे व मदत देणारे जाणते लोक मैदानाजवळ असावेत, यासाठी तिने सहकाऱ्यांसह एक उपक्रम हाती घेतला. त्या स्पर्धेत अमेरिकेचा संघ लवकर हरला. पण हे काम त्या हरण्याजिंकण्यावर अवलंबून नव्हते.

पालकांनी येथे थांबून विचार करावा. चांगले गुण, चांगला संघ, हसरा चेहरा यांवरून मुलीचे मन ठीक आहे असे धरून चालू नये. घर सुटते, वर्गमैत्रिणी पांगतात, रोजचा मैदानाचा आधार बदलतो, तेव्हा ‘आज कशी खेळलीस?’ याच्या आधी ‘कशी आहेस?’ हे विचारावे आणि उत्तर पुरते ऐकावे. त्रास मोठा दिसला तर डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये.

६. नियम बदलला

२०२१ साली या लीगमधील कित्येक खेळाडूंनी प्रशिक्षकांच्या गैरवर्तनाविषयी उघडपणे तोंड फोडले. २०२२ च्या चौकशी अहवालात असे नमूद झाले की, हा दोष एकदोन माणसांपुरता नसून तो सर्व व्यवस्थेतच मुरलेला होता. यातून एक धडा घेण्यासारखा आहे. जिला आपली जागा निवडता येत नाही व सोडताही येत नाही, तिला अन्याय झाला तरी बोलणे कठीण होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये खेळाडूंच्या संघटनेने नवा करार केला व ड्राफ्ट पद्धत बंद झाली. आता महाविद्यालयातून येणारी मुलगी कोणत्याही संघाशी स्वतः बोलणी करू शकते आणि तिच्या संमतीवाचून तिला दुसऱ्या संघाकडे देता येत नाही. त्याच महिन्यात पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेने सुवर्णपदक मिळवले. बचावफळीत नेओमी होती. जानेवारी २०२५ मध्ये ती इंग्लंडच्या चेल्सी संघात गेली. तिच्यासाठी सुमारे अकरा लाख डॉलर मोजले गेले. तोवर कोणत्याही स्त्री-फुटबॉलपटूसाठी दहा लाख डॉलरचा आकडा ओलांडला गेला नव्हता. मात्र आपल्या पाठाच्या दृष्टीने त्या रकमेपेक्षा महत्त्वाचे हे की, या वेळी निर्णयात तिचा स्वतःचा होकार होता.

पण स्वातंत्र्य आले की जबाबदारीही येते. पूर्वी नाव पुकारले की प्रश्न मिटे. आता बावीस वर्षांच्या मुलीने करार वाचायचा, प्रशिक्षकाची माहिती काढायची, आजारपणात कोण बघणार हे विचारायचे आणि मग ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचे. हे एका दिवसात येत नाही. लहानपणापासून घरात जिचे मत विचारले गेले, तिलाच पुढे मत देता येते.

आपल्याकडे भारतीय महिला लीग २०१६-१७ च्या हंगामात सुरू झाली. महाविद्यालयातून व्यावसायिक संघात नेणारी अमेरिकेसारखी आखीव वाट येथे नाही. म्हणून आपल्या मुलींना घरच्या शहाणपणाची गरज अधिकच आहे. फुटबॉल असो, परिचारिकेचे शिक्षण असो की दूरच्या गावची नोकरी, उंबरठा एकच आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरी मुलीच्या शिक्षणाविषयीचा किंवा नोकरीविषयीचा शेवटचा निर्णय कोणी केला? तिला केव्हा विचारले?

२. पदवी पूर्ण करूनच पुढे जावे, की संधी आली तेव्हा जावे? वरील खेळाडूंच्या उदाहरणांवरून दोन्ही बाजू मांडा.

३. दुखापतीने किंवा अपयशाने वाट अडली तर उभे राहण्यासाठी मुलीजवळ काय असावे?

४. घरापासून दूर शिकणारी वा काम करणारी आपल्या ओळखीची एखादी मुलगी आहे काय? या आठवड्यात तिला पत्र किंवा फोन कोण करील?