मे महिन्यात पासबुक उघडा : घरातला विमा तपासण्याचा पाठ

आमच्या वस्तीतल्या एका घराची ही गोष्ट आहे. घरातले दादा कंत्राटी सफाईकाम करायचे. बँकेत खाते उघडताना कुणीतरी सही घेतली आणि ते जीवनज्योती विम्यात आले. दोन वर्षे खात्यातून हप्ता कापला गेला. तिसऱ्या वर्षी मे महिन्याचा पगार उशिरा झाला. खात्यात दोनशेच्या आसपास रुपये होते, त्यामुळे हप्ता कापला गेला नाही. मोबाईलवर इंग्रजीत मेसेज आला, तो कुणी वाचला नाही. सप्टेंबरात दादा हृदयविकाराने गेले. वहिनी बँकेत गेल्या तेव्हा उत्तर मिळाले, "या वर्षी विमा चालूच नव्हता."

आम्हाला सर्वांत जास्त लागले ते पुढचे. जूनमध्ये खात्यात पैसे भरून त्यांना पुन्हा विम्यात येता आले असते. नव्याने आल्यावर पहिले ३० दिवस फक्त अपघाती मृत्यूचेच पैसे मिळतात, पण सप्टेंबरपर्यंत ते दिवस केव्हाच उलटले असते. दोन लाख रुपये त्या घराला मिळाले असते. हे आम्हा कुणालाच वेळेत माहीत नव्हते. तेव्हापासून मे महिन्यात रविवारी वंदना झाली की आम्ही काही जण विहारात कागद तपासायला बसतो. तिथे जे तपासतो, तेच इथे देत आहोत.

१. बँकेतले दोन विमे

प्रधानमंत्री जीवनज्योती विमा : वर्षाला ४३६ रुपये, म्हणजे दिवसाला सव्वा रुपयाहूनही कमी. १८ ते ५० वयापर्यंत घेता येतो, हप्ता भरत राहिल्यास ५५ पर्यंत चालतो. मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी वारसाला २ लाख.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा : वर्षाला २० रुपये, वय १८ ते ७०. हा फक्त अपघाताचा आहे. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्व आल्यास २ लाख, कायमच्या अंशतः अपंगत्वाला १ लाख. आजाराने मृत्यू झाला तर यातून काही मिळत नाही. "आमचा वीस रुपयांचा विमा आहे" एवढ्यावर निश्चिंत राहू नका.

दोन्हींचे वर्ष १ जून ते ३१ मे. हप्ता मेच्या शेवटच्या आठवड्यात कापला जातो. त्या वेळी खात्यात किमान ५०० रुपये ठेवा. जूनमध्ये पासबुक छापून घ्या आणि ४३६ व २० या दोन्ही नोंदी स्वतः बघा. दोन बँकांत खाती असतील तर विमा एकाच खात्यावर ठेवा. दोनदा हप्ता भरला तरी पैसे एकदाच मिळतात.

२. दवाखान्यासाठी : रेशनकार्ड आणि आयुष्मान कार्ड

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना आता महाराष्ट्रातल्या सर्व रेशनकार्डधारकांसाठी आहे. पिवळे, केशरी आणि पांढरेही. केंद्राच्या आयुष्मान भारतशी ती जोडलेली असून, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार योजनेतल्या रुग्णालयांत बिनपैशांनी मिळतात. साधा ताप, खोकला, बाहेरून घेतलेली गोळी यात येत नाही. भरती, शस्त्रक्रिया आणि मोठे आजार यांसाठी ती आहे.

इथे घोळ होतो तो नावांचा. नवी सून, जन्मलेले बाळ यांची नावे रेशनकार्डावर चढवलेली नसतात. आधारवर एक स्पेलिंग, रेशनकार्डावर दुसरे. ही दुरुस्ती आजारपणात होत नाही, ती आजच करा. रुग्णालयात गेल्याबरोबर आधी आरोग्यमित्राचे टेबल शोधा, पैसे भरण्याची खिडकी नंतर. चौकशीसाठी १५५३८८ किंवा १४५५५ या क्रमांकांवर फोन करता येतो.

घरात ७० वर्षे पूर्ण झालेले आजी-आजोबा असतील तर त्यांचे वेगळे आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. त्याला उत्पन्नाची अट नाही. वय आधारवरून धरतात, म्हणून आधारवरची जन्मतारीख आधी तपासा.

३. पगाराची पावती मागा

दहा किंवा जास्त माणसे कामाला असलेल्या ठिकाणी, २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्यांना कर्मचारी राज्य विमा लागू होतो. कामगाराचे पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. १६ हजार पगारातून तुमचे १२० रुपये कापले जातात. त्यात घरच्यांनाही बाह्यरुग्ण तपासणी, औषधे, भरती मिळते. आजारपणाच्या रजेत पगाराचा काही भागही मिळतो. कंत्राटदार पैसे कापतो, पण भरतो का? पावतीवरचा विमा क्रमांक घ्या आणि जवळच्या कार्यालयात विचारा.

हा हक्क आपल्याला आयता मिळालेला नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. त्याच काळात प्रा. अडारकरांकडे कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम दिले गेले आणि त्यातून पुढे १९४८ चा कायदा आला. १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये तर बाबासाहेबांनी विमा राज्याच्याच हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला वेतनाच्या प्रमाणात आयुर्विमा घेणे बंधनकारक असावे, अशी मांडणी केली होती.

४. एजंट घरी आला तर

सरकारी योजना असताना खासगी विमा घ्यावा का? परवडत असेल तर घ्या, पण आधी हे विचारा.

- आधीपासून असलेल्या आजाराला किती वर्षे थांबावे लागेल? नियमाप्रमाणे ही मुदत ३ वर्षांपेक्षा जास्त नसते.
- खोलीभाड्याला मर्यादा आहे का? महागडी खोली घेतली तर बिलातल्या इतर खर्चांतही कपात होऊ शकते.
- आपल्या भागातले कोणते दवाखाने यादीत आहेत?

बीपी, साखर, तंबाखू लपवू नका. एजंट म्हणाला "लिहू नका, चालतंय", तरी लिहा. नंतर दावा नाकारला जातो तेव्हा एजंट शेजारी नसतो. कागद हाती आल्यावर ३० दिवसांत पॉलिसी परत करता येते.

आयुर्विम्यात बचतीची पॉलिसी आणि टर्म विमा यात फरक करा. बचतीच्या पॉलिसीचा हप्ता मोठा आणि संरक्षण कमी असते. वर्ष-दोन वर्षांत हप्ता थकला की भरलेल्यातलेही काही पैसे बुडू शकतात. टर्म विम्यात मुदतीअखेर पैसे परत मिळत नाहीत, पण थोड्या हप्त्यात मोठे संरक्षण मिळते. कमावता माणूस एकच असेल तर आधी टर्म विम्याचा विचार करा. दरवर्षी भरता येईल एवढाच हप्ता घ्या.

५. वारसाचे नाव आणि घरातली माणसे

लग्नाआधी काढलेल्या खात्यावर आईचे नाव असते. आई गेली, तरी नाव तेच राहते. ते बदलून घ्या. आणि पत्नीला, मोठ्या मुलीला सांगा की विमा कोणत्या बँकेत आहे, कागद कुठल्या डब्यात आहेत. अपघात झाला तर पोलिसांची नोंद आणि शवविच्छेदनाचा अहवाल जपून ठेवा आणि दावा शक्यतो ३० दिवसांत करा.

या रविवारी घरातल्या सगळ्यांची पासबुके, रेशनकार्ड, आधार आणि पगाराची पावती एका पिशवीत घालून विहारात या. वाचता येत नसेल तरी या, आम्ही वाचून दाखवू. आणि येताना शेजारच्या घरालाही सांगा.