पत्रिकेची पाकिटं घरीच सजवा

प्रश्न : मुलीचं लग्न आहे. पाकिटांवर नावं सुरेख हवीत, पण खर्च बेताचा. काय करू? – एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : ताई, छापील लेबलं नकोतच, हातानं लिहिलेल्या नावात आपुलकी दिसते. तिरक्या टोकाचा कट मार्कर आणा, तो बोरूचं काम करतो. टोकाचा कोन न बदलता लिहा, जाड-बारीक वळणं आपोआप येतात. नाव ठसठशीत, ‘श्री. व सौ.’ आणि गाव लहान. शिरोरेषा शेवटी, एका ओघात. गुळगुळीत पाकिटावर शाई फिसकटते. आधी एकावर लिहून, वाळल्यावर बोट फिरवून पाहा. कुंकवाचं बोटही अक्षरं वाळल्यावरच लावा. पहिलं पाकीट माळीवाड्यातल्या विशाल गणपतीचं. टपालानं पाठवायच्या पाकिटांवर पिनकोड सुटा, स्पष्ट लिहा. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी नगर शहराचा ४१४००१ तोच आहे.